खळ्यातली जागा आणि मी

आमच्या घरात बोट लागते असा पुरुष मी एकटाच. वडील, काका, दादा, सगळे खोल समुद्रात जाऊन आले. मी बंदरातच ओकलो. मग मला खळ्यात बसवण्यात आलं. किनाऱ्यावरच्या त्या मोकळ्या जागेत बांबूंच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या काठ्यांवर, बायका बोंबील वाळत घालत आणि मी काठी घेऊन कावळे हाकायचो. पुढे शिकलो, पालघरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो, चष्मा लागला, पोट सुटलं. पण तारापूरजवळच्या आमच्या गावी गेलो की वहिनी आजही आधी काठी हातात देते, मग चहा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्याकडे एका जागतिक विकासनिधीचं लक्ष गेलं. त्यांचं नवं धोरण असं की, रस्ता असो, धक्का असो की बर्फाचा कारखाना, प्रत्येक योजनेत स्त्री-पुरुष समानता आलीच पाहिजे. आमच्या वाट्याला महिला सक्षमीकरण केंद्र आलं. पक्की इमारत, पंखे, शिलाई मशिनं. जागाही ठरली होती : खळं. कारण नकाशावर तिथं काहीच नव्हतं. यंदा हंगामाच्या सुरुवातीला दिल्लीहून एक मॅडम यायच्या होत्या, त्यांना दुभाष्या हवा होता. एरवी घरात कोणी विचारत नाही, तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

बैठक पंचायतीच्या सभागृहात, सकाळी अकराला. होड्या लागून मासळी उतरलेली, ऊन चढतंय, बायका खळ्यात मान वर न करता कामाला लागलेल्या, अशी ती वेळ. तेव्हा बायकांच्या वतीनं त्यांचे नवरे आले. दादा पहिल्या रांगेत. आमच्या गावातले पुरुष बायकांच्या कष्टांविषयी इतकं गहिवरून बोलताना मी कधी ऐकले नव्हते. एकाचा तर आवाजच दाटला. त्याची बायको तेव्हा त्याच्याही वाटणीच्या मासळीच्या पाट्या उचलत होती. मी सगळ्याचं सुंदर इंग्रजी करत होतो.

शेवटी मॅडमनी विचारलं, "एकही स्त्री नाही?"

वहिनीला बोलावून आणलं. ती आली ती हाताला खवलं घेऊनच. खुर्ची दिली, ती बसली नाही.

"भाऊजी, सांगा यांना. ती जागा आमची हाय."

"आमची म्हणजे कोणाची? कागद आहे का?" मॅडम.

"कागद नाय. सासूनं मला दिली. तिला तिच्या सासूनं. औंदा मी माझ्या सुनेला देणार."

आमच्याकडे हे असंच चालतं. होडी बापाकडून मुलाकडे जाते आणि खळ्यातली जागा सासूकडून सुनेकडे. पुरुषाचा त्यात शब्द नाही. वहिनीची सून वर्षापूर्वी लग्न होऊन आली, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी टांगायला शिकली, आणि या हंगामात तिला अर्धी वलांडी मिळायची होती. गावात बायकांच्या नावानं चालणारी तेवढी एकच मालमत्ता. बायकांना मालमत्तेचा हक्क मिळावा म्हणून नेमकी तीच जाणार होती.

"सरकारी जागा हाय ती," दादा मध्येच म्हणाला. "बोंबील काय, रस्त्याच्या कडेला पण वाळतील."

"तुमी खळ्यात शेवटचं कवा आलता? लग्नाच्या वरातीत?" वहिनी म्हणाली, आणि मॅडमकडे वळून, "उद्या सकाळी खळ्यात या. बसून बोलायला आमाला टाइम नाय."

हे मी जरा मऊ करून सांगितलं. मॅडम आल्या.

खळ्यात नुसतं उभं राहायची पद्धत नाही, पाहुण्यानंसुद्धा. वहिनीनं त्यांना एक काठी दिली आणि मला एक. जागतिक धोरणाच्या प्रतिनिधी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये कावळे. मॅडमचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा घाम पुसत त्यांनी सुनेला विचारलं, "इथं इमारत झाली तर तू हे कुठे वाळवशील?"

"रस्त्यावर बोईसरच्या कंपन्यांचे ट्रक जातात ना. धूळ बसलेला बोंबील कोण घेणार?" सून म्हणाली. "मंग मी पण कंपनीत जाईन, पॅकिंगला."

वहिनीचा हात जोडी टांगता टांगता थांबला. हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"इमारत नको असं नाय," ती हळूच म्हणाली. "पंखे बी हवेत. पण ती तिकडं बांधा." तिनं जाळी दुरुस्त करायच्या शेडकडे बोट केलं. तिथं हल्ली जाळी कमी आणि कॅरम जास्त असतो. "जागा रिकामीच हाय. नुसते पुरुष बसतात."

माझ्या आयुष्यातलं हे एकमेव वाक्य, ज्याचं भाषांतर करताना मला काहीही मऊ करावं लागलं नाही. मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी दादा नुसता पेटला होता. "आमाला न इचारता आमची जागा देता? पिढ्यान्‌पिढ्याची बैठक हाय ती आमची! आमचं म्हणणं कोण मांडणार?"

वहिनी कोलंबी सोलत होती. "ठेवा की मीटिंग, सकाळी अकराला. तुमी झोपलेले असाल तर तुमच्या वतीनं आमी येऊ."

नकाशा बदलला. इमारत अजून उभी राहायची आहे. शेडमधल्या मंडळींनी पहिल्यांदाच परंपरेच्या रक्षणासाठी अर्ज केलाय, आणि तो इंग्रजीत करून द्यायला मीच लागलो. निधीच्या अहवालात माझा काठीसकट फोटो आलाय, खाली लिहिलंय : परिवर्तनात सहभागी पुरुष.

परवा गावी गेलो. वहिनीनं वलांडीच्या मधोमध लाल चिंधी बांधली होती. पलीकडचं अर्धं सुनेचं. सून ओठ दाबून, घाई न करता एकेक जोडी टांगत होती. मी सवयीनं वहिनीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"तिकडं जावा, भाऊजी," वहिनी म्हणाली. "तुमी आता तिच्याकडं."

सुनेनं माझ्याकडे एकदा खालून वर पाहिलं, आणि काठी दिली. चहाचं काही बोलली नाही.