बेचाळीस सह्या

“सह्या तूच घेतल्यास की सगळ्यांच्या! मी काय कुनाचा हात धरला व्हता?” बुद्धघोष आईवर ओरडला.

“हजेरीच्या म्हनून घेतल्या, कोऱ्या पानावर,” अक्काबाई म्हणाली. “वरचा ठराव तू लिवलास. पोटच्या पोरानं.”

“पंचायतीत लिपिक हाय मी. सरपंच सांगतील ते लिवायचं. घरी बसवलं तर तुझ्या बाया येनार हायत का साक्षीची चूल पेटवायला?”

ठराव तीन ओळींचा होता. कालव्याकाठच्या स्मशानाकडं जाणारी वाट सरपंचाच्या भावाच्या उसात गेली, त्याला वस्तीची हरकत नाही. खाली वस्तीतल्या बेचाळीस बायकांच्या सह्या.

खरं तर ती वाट परत मागायलाच अक्काबाईनं बायकांना ग्रामसभेला नेलं होतं. डाळजची ही लेक लासुर्ण्याच्या पलीकडच्या या गावात नांदायला आली, तेव्हा वस्तीला नळ नव्हता. तिनं रिकाम्या घागरी रस्त्यावर मांडून एस.टी. अडवली, डोकं फोडून घेतलं आणि नळ आणला. गेल्या साली तिनं विहारात पाट्या मांडल्या. “अंगठा कुनीबी धरून उठवतं, सही आपली असती,” म्हणत सत्तरीच्या रतनबाईकडूनसुद्धा नाव गिरवून घेतलं. ग्रामसभेत आधी सह्या व्हायच्या, ठराव मागाहून सवडीनं लिहिला जायचा. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. अक्काबाईलाही होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा सही करणाऱ्या बायकांच्या हौसेपुढं तिलाच त्याचा विसर पडला.

काल रतनबाई तिच्या दारात येऊन थुंकली. “इकायलाच शिकवलंस व्हय गं आमाला?”

खाटेवर साहेबराव निजले होते, अक्काबाईचे यजमान. दवाखान्यानं त्यांना शनिवारीच घरी नेण्यास सांगितलं होतं. चार दिवस, फार तर पाच.

“भांडू नगा,” ते पुटपुटले. “मला डाळजला न्या. तुझ्या भावाकडं. तितं वाट हाय.”

“न्या की, आत्या,” सून साक्षी रडत म्हणाली. “शेवटचं मागनं हाय मामांचं.”

“गपचूप उरकू,” बुद्धघोष लगेच म्हणाला. “मी गाडी सांगतो.”

अक्काबाईनं चमच्यानं नवऱ्याचे ओठ भिजवले. हनुवटीवर ओघळलेलं पाणी पदरानं टिपलं. चाळीस वर्षांत या माणसानं तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. त्यांनी तिचा हात धरला. तिनं एकेक बोट सोडवून तो गोधडीत घातला.

“हे कुटं जानार न्हाईत,” ती म्हणाली. “मयत पंचायतीच्या दारात ठिवायचं. वाट मोकळी हुईस्तवर उचलायचं न्हाय, वास सुटला तरी. साक्षे, रतनला जाऊन सांग. आन बुद्धघोष, तू त्या दिशी रजा टाकायची न्हाय. आत तुज्या खुर्चीत बसायचं.”