चारीचा तह आणि माझ्या पिशवीतला कागद

मी सगळ्याच्या याद्या करते. किराण्याची, औषधांची, लग्नात कुणाला कुठला आहेर करायचा त्याची. कपाटातल्या कोणत्या कप्प्यात कोणती फाइल आहे, त्याचीही यादी आहे आणि ती दाराला आतून चिकटवलेली आहे. या एका गोष्टीची नोंद मात्र कुठंच नाही. नवऱ्याला माहीत नाही, मुलीला नाही. आज जिवंत असलेल्यांपैकी माझ्याखेरीज एकाच माणसाला ती माहीत आहे आणि त्यानं ती कधी तोंडातून काढलेली नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या चारीवरचे नाही.

चारी म्हणजे कालव्यातून निघालेला पाण्याचा फाटा. आमची चारी शेळगावच्या पलीकडं. ती आधी आमच्या वरच्या वस्तीतून जाते आणि शेवटी टेलच्या वस्तीला पोचते. नियम असा, की पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वर वर सरकत यायचं. नियम कागदावर. पाणी सोडायचं दार आमच्या हद्दीत, म्हणून पाणी आमचं. मी पाणीवापर संस्थेची सेक्रेटरी. पाळीपत्रक, म्हणजे कुणाच्या पाण्याची पाळी कधी, ते मीच लिहायचे — आणि ते कुणी पाळत नाही, हेही मीच बघायचे. बोलायचे नाही.

एका उन्हाळ्यात टेलची माणसं दार उघडायला आली. खोरी घेऊन आली, आमची खोरी घेऊनच उभी होती. पहिला घाव त्यांच्याकडून पडला, हे खरं आहे. माझे धाकटे दीर, प्रकाशभाऊजी, यांचा डावा डोळा गेला. दोन्हीकडून केसेस झाल्या. मग लग्नपत्रिका बंद. दहाव्याला माणूस पाठवणं बंद. दुधाची गाडी एक होती, तिच्या दोन झाल्या. शाळेत पोरं खिचडीला वेगवेगळ्या ओळीत बसायला लागली. याला भांडण म्हणायचं? मी तरी युद्धच म्हणते.

वर्षानं दोन्हीकडची माणसं थकली आणि तहाची बोलणी सुरू झाली. भवानीनगरला, एका हॉटेलच्या मागच्या खोलीत, कारण ती जागा कुणाच्याच शिवेत नव्हती. चार आमचे, चार त्यांचे, लिहायला मी. पहिल्याच बैठकीत कुणीतरी माझ्या वहीचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही वस्त्यांच्या मोबाइलवर शिव्यांचा पाऊस. तेव्हा मी नियम घातला. आत येताना फोन भाजीच्या पाटीत ठेवायचे, पाटीवर टॉवेल. आणि कागद एकच — तो माझ्याकडं. दोन्ही वस्त्या सभेत हात वर करून मंजूर करेपर्यंत कुणालाही प्रत नाही. सगळे कबूल झाले. "बाईंच्या फायलीत हाय, ते खरं," असं टेलची माणसंसुद्धा म्हणायची. हा विश्वास लक्षात ठेवा. मी तो वापरला.

आमच्याकडून बोलायला आबा, माझे चुलत सासरे. त्यांच्याकडून गुरुजी. निवृत्त शिक्षक, टेलला पेरूची बाग, अंगात कायम इस्त्रीचा शर्ट. आल्या आल्या मला म्हणायचे, "जयभीम, ताई." मी म्हणायचे, "नमस्कार." एकदाही उलट जयभीम म्हटलं नाही. कुणी विचारलं असतं तर सवय नाही म्हणाले असते. सवयीचा प्रश्न नव्हता.

केसेस मागे घ्यायच्या, दाराची किल्ली तिऱ्हाइताकडं द्यायची, हे पटापट मिटलं. अडलं कलम सातवर. आमच्या लोकांना माफी हवी होती. चौथ्या बैठकीत मी आमची मागणी मसुद्यात लिहिली — संपूर्ण टेल वस्ती आधी जाहीर माफी मागेल, त्यानंतर पाणी सोडलं जाईल. वाचून दाखवली तसा त्यांच्यातला एक उसळला.

"म्हंजी आमी काय आंगठं धरून हुबं ऱ्हायचं व्हय?"

"धरा की," आमच्यातला म्हणाला, "पोटं तरी आत जातील."

गुरुजीसुद्धा हसले. पण बैठक मोडली ती मोडलीच.

पुढं आबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख लागली. पुण्याला जायच्या आदल्या दुपारी त्यांनी गुरुजींना बोलावून घेतलं. खोलीत तिघंच होतो — आबा, गुरुजी आणि वही घेऊन मी. गुरुजींनी जे सांगितलं, ते मला इतक्या बैठकांत सुचलं नव्हतं. पाणी आधी टेलला द्या. एक पाळी पुरी होऊ द्या. मग मी एकटा, माझ्या नावानं, तुमच्या वस्तीत येऊन माफी मागतो. वस्तीला यात ओढायचं नाही.

"मान तुमच्याकडं राहू द्या आबा," ते म्हणाले. "पाणी आमच्याकडं येऊ द्या."

आबा बराच वेळ काठीनं फरशी ठोकत बसले. मग म्हणाले, "गुरुजी, तुमी मास्तर न्हाय, वकील व्हायला पायजे हुतं."

"वकील झालो असतो तर भांडण चालू ठेवलं असतं, आबा."

मी नवं कलम लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. आबा आमच्या लोकांशी फोनवर बोलले आणि ते कुरकुरत का होईना, तयार झाले. आमच्या सभेचे हात आता नावापुरते; खरी उरली होती टेलची मंजुरी. एक सभा. रविवारची.

इथपर्यंत मी नीट वागले. इथून पुढचं सांगायला मला इतकी वर्षं लागली.

घरी आले आणि माझ्या डोक्यात संताप मावेना. एकटा माफी मागणार? तीही नंतर? आणि पाणी आधी? भाऊजी जेवायला बसले की डाव्या बाजूचा तांब्या त्यांना दिसत नाही, हात लागून तो कलंडतो, हे मी रोज बघत होते. मला ती सगळी वस्ती वाकलेली बघायची होती. आधी वाकायला हवी होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. भाऊजी स्वतः म्हणाले होते, "मिटू द्या वैनी आता." मग राग कुणाचा होता? माझाच.

पण जुना मसुदा मी काही टेलच्या लोकांच्या हातात दिला नाही. चौथ्या बैठकीचा तो कागद मी फाडायला हवा होता, पण मी काहीच फाडत नाही. फाइल टेबलावर होती. भाऊजींचा एक मित्र आला होता, वरच्या वस्तीतला, भडक डोक्याचा. त्यानं फाइल उघडली आणि फोटो काढला. मी समोरच गवारी निवडत बसले होते. मी बघितलं. निवडत राहिले.

शनिवारी दुपारपर्यंत तो फोटो, हाच शेवटचा कागद म्हणून, टेलला पोचला. गुरुजींनी अख्ख्या वस्तीची मान विकली, असं पसरलं. रविवारी सकाळी त्यांच्या समाजमंदिरासमोर सभा भरली आणि मला बोलावणं आलं. का? कारण बाईंच्या फायलीत हाय, ते खरं.

मी गेले तेव्हा गुरुजी उभे होते आणि माणसं त्यांच्यावर तुटून पडली होती. ज्यांना त्यांनी अक्षरं शिकवली होती, तीच माणसं.

"गुरुजी, किती फूट वाकायचं ठरलं? माप तरी सांगा!"

"आबाच्या हितं चा गोड लागला का?"

गुरुजींनी मला खुर्ची द्यायला लावली. पाणी मागवलं. मग शांतपणे म्हणाले, "तो जुना मसुदा आहे. आपण तो मान्य केलेला नाही. शेवटचा कागद ताईंकडं आहे. त्या वाचतील."

सगळी सभा माझ्याकडं वळली. पिशवी माझ्या मांडीवर होती. कागद तिच्यात होता — प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, वर माझ्याच अक्षरात 'अंतिम' लिहिलेलं. फोल्डरची कड मला बोटांना लागत होती.

मी म्हणाले, "माझ्याकडं यापुढचा कागद नाही."

झालं. एवढंच वाक्य. भीतीनं बोलले नाही, गडबडीत बोलले नाही. स्वच्छ, मोठ्यानं बोलले, प्रोसिडिंग वाचते तशी.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मग पिशवीकडं. पिशवी बघा, एवढं एक वाक्य ते म्हणाले असते तर? कुणीतरी ती हिसकावली असती आणि सगळं बाहेर पडलं असतं. त्यांना हे कळत होतं. ते म्हणाले नाहीत. खाली बसले. तह मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर दोन हात वर झाले, त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा. मी तिथल्या तिथं वहीत लिहिलं, नामंजूर.

आबांना दवाखान्यात सांगितलं, "त्यांनी मोडलं." आबांचा विश्वास बसेना. मग बसला. "एवढं देऊनबी मोडलं?" म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. डोळे मिटेपर्यंत ते टेलच्या लोकांना बेइमान म्हणत राहिले. माझ्या शब्दावर.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच दारावर पुन्हा खोरी निघाली. टेलच्या एका माणसाचा खांदा असा तुटला, की त्याला आजही डोक्यावरून सदरा घालता येत नाही. भाऊजींचा डोळा आणि त्याचा खांदा — पहिल्याचा हिशेब मी वर्षभर मागत होते. दुसरा माझ्या नावावर आहे आणि तो मला कुणीच मागत नाही. गुरुजींच्या घरचा चहा वस्तीनं बंद केला. त्यांच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं होतं, ते मी इथं लिहीत नाही. पेरूची झाडं पाण्यावाचून वाळली. ते बारामतीला मुलीकडं राहायला गेले. चारीचं पाणी अजून तसंच येतं. आधी आम्हाला.

मागच्या महिन्यात बारामतीच्या मंडईत ते समोर आले. शर्ट इस्त्रीचाच. मी वळून जाणार होते, पण त्यांनी बघितलं.

"जयभीम, ताई. फायली ठीक आहेत ना?"

"हो," मी म्हणाले. त्यांनी मेथीची जुडी उचलली, पाला तपासला आणि निघून गेले.

फायली ठीक आहेत. तो कागदही आहे. तिसरा कप्पा, डावीकडून दुसरी फाइल, कपाटाच्या दारावरच्या यादीत तिच्यापुढं काही लिहिलेलं नाही. त्या रविवारी जे वाचायचं होतं, ते असं —

कलम सात. पाण्याची पहिली पाळी टेलच्या वस्तीस पूर्ण दिली जाईल. पाळी पूर्ण झाल्यावर गुरुजी एकटे, स्वतःच्या नावाने, वरच्या वस्तीत येऊन झाल्या प्रकाराबद्दल माफी मागतील. टेलच्या वस्तीतील अन्य कोणासही माफी मागण्यास सांगितले जाणार नाही.

खाली आबांची सही आहे. तिच्याशेजारी गुरुजींची. आणि त्या दोन्हींच्या खाली, कागद लिहून वाचून दाखवला म्हणून, माझी.