रंगनाथभाऊंच्या नावापुढची खूण

फोन आला तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते आणि मी डबे भरत होते. आमच्या कारखान्यातला फिटर सुनील बोलत होता. "मॅडम, रंगनाथभाऊ गेले. छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत..." मी गॅस बंद केला आणि कागद घेतला. काही घडलं की आधी कामं लिहून काढायची, ही माझी जुनी सवय. कोणाला कळवायचं, गाडी किती वाजता निघेल, पहिल्या पाळीतून किती जणांना सोडता येईल... चौथ्या ओळीला पेन थांबला. मला आरोग्य तपासणीची यादी आठवली. त्या सकाळीला आता सात आठवडे झाले.

रंगनाथ भोर यांनी आणि मी अंबडच्या एका कारखान्यात अठरा वर्षं एकत्र काम केलं. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथं प्रेसवर काढतात. मी कर्मचारी विभाग बघते. हजेरी, रजा, कँटीन, गणवेश, सगळं माझ्याकडे. मशीन दुरुस्तीची सगळी जबाबदारी भाऊंची. घोटीकडच्या खेड्यातून आलेला हा माणूस बोलायला मऊ, पण मोठा प्रेस बंद करायची वेळ आली की कोणाला भ्यायचा नाही. एकदा माल त्याच दिवशी जायचा होता आणि भाऊ स्विच पाडून उभे. प्रॉडक्शन मॅनेजर लालबुंद झालेले. भाऊ म्हणाले, "साहेब, आत्ता अर्धा तास द्या. नाय तर परवा दोन दिवस द्याल आणि वर मलाच शिव्या द्याल."

"आणि या अर्ध्या तासाचा माल कोण काढणार?"

"तुमचं रागावून होईस्तोवर माझं ग्रीस मारून होतंय बघा."

सगळे हसले, साहेबही हसले. अर्धा तास मिळाला.

हाच माणूस स्वतःसाठी कधी अर्धा तास मागत नसे. त्यांचा रजेचा तक्ता मला तोंडपाठ होता. पावसाळ्यात भाताच्या आवणी-लावणीला चार दिवस, दिवाळीच्या पुढेमागे सोंगणी-कापणीला तीन. आजारपणाची रजा अठरा वर्षांत एकही नाही. नवीन भरती झाली की मी हे कौतुकानं सांगायचे. ताप असला तरी भाऊ गोळी घेऊन हजर असत. अशाच एका तापाच्या दिवशी त्यांच्याकडून साचा किंचित तिरपा बसला आणि अख्ख्या पाळीचा माल भंगारात गेला. भाऊंची चूक म्हणून सगळ्यांना नवल वाटलं, पण तापाचं नाव कोणी काढलं नाही, मीसुद्धा नाही. हजेरीपटात ते हजर होते आणि मला तेवढं पुरे होतं.

वर्षातून एकदा मी तपासणीचं शिबिर भरवते. यंदाच्या शिबिरात यादीत शहाऐंशी नावं होती आणि दुपारी तीनपर्यंत पंचाऐंशी झाली होती. मी शेडमध्ये गेले तर भाऊ कमरेपर्यंत प्रेसच्या आत. "भाऊ, डॉक्टर निघालेत. दहा मिनिटं या."

"हिचं पोट उघडून ठेवलंय मॅडम, अशीच टाकून येऊ? शनिवारी आमच्या सिडकोतल्या डॉक्टरकडं जातो, कागद आणून देतो. तुम्ही आपली खूण करून टाका, नाय तर एका खुणेपायी तुम्हाला झोप लागायची नाय."

खरंच लागली नसती. दुसऱ्या दिवशी ग्राहक कंपनीची माणसं पाहणीला येणार होती आणि त्यांना यादी पूर्ण दाखवायची होती. मी खूण केली. शनिवार गेला. सोमवारी विचारलं तर "जातो हो." पुढच्या आठवड्यातही "जातो हो." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "यादीत झाली ना? मग झाली." आणि मी डायरीतली त्यांच्या तपासणीची ओळ खोडली. पुढे दोनदा त्यांना कँटीनच्या जिन्यात मध्येच थांबलेलं पाहिलं. बुटाची नाडी बांधतोय म्हणाले. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती... हे ते गेल्यानंतर माझ्या लक्षात आलं.

भाऊ गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मोठा प्रेस अडला. चार दिवस बंद राहिला. बाहेरून तंत्रज्ञ बोलावला, त्यानं पुस्तक उघडलं; पण भाऊंना ज्या आवाजावरून बिघाड कळायचा तो आवाज पुस्तकात नव्हता. नुकसानीची बैठक बसली. माल उशिरा गेला त्याचं किती, जादा पाळीचं किती, तंत्रज्ञाचं किती. तासभर सगळे मशीनबद्दल बोलत होते. मग मॅनेजरांनी तपासणीची यादी पुढे ओढली. "तपासणीत तर ठणठणीत होते ना मॅडम?"

मी "हो" म्हणाले. खरं सांगितलं तर नोकरीवर बेतेल, मुलीचं शेवटचं वर्ष आहे, घराचे हप्ते आहेत... घरी जाईपर्यंत मी सगळी कारणं क्रमानं मांडून ठेवली होती.

चौथ्या आठवड्यात मंदावहिनी, भाऊंच्या पत्नी, कागदांवर सह्या करायला आल्या. जिथं बोट ठेवलं तिथं सही करत गेल्या. शेवटचा कागद झाल्यावर म्हणाल्या, "ताई, एक विचारू? तपासणीत काय निघालं व्हतं त्यांच्या? मला म्हनले, कंपनीत झाली, सगळं बरं हाय. मग असं कसं झालं?"

कारणांची माझी यादी तयार होती, पण त्यातलं एकही त्या बाईपुढे ठेवण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, तपासणी झालीच नव्हती. ते आले नाहीत आणि मी झाली म्हणून खूण केली."

"त्यांनी सांगितलं म्हनून केली?"

"हो. पण करायची नव्हती."

"मी लय भांडायचे त्यांच्याशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जिना चढता येईना त्यांना. रोज म्हनायचे, डॉक्टरकडं चला. ज्या दिवशी म्हनले कंपनीत झाली, त्या दिवसापासून भांडनं सोडलं मी."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "अन् तुमची तपासणी कोन करतं, ताई?"

शहाऐंशी नावांत माझं नाव नाही. कधीच नव्हतं. यादी करणारीनं स्वतःला मोजलंच नव्हतं, आणि दोन महिने माझा उजवा डोळा फडफडतोय, डोकं ठणकतंय, ते मी कामाच्या ताणावर ढकलत होते.

त्याच दुपारी मी घडलं ते सगळं लिहून मॅनेजरांना दिलं. वाचून ते, "आता हे लिहून काय होणार?" म्हणाले. माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पण तपासणी पुन्हा घ्यायची माझी मागणी त्यांनी मान्य केली. मी म्हटलं, या वेळी ऑफिसात नको. डॉक्टरांना शेडमध्येच बसवू, आणि ज्याची पाळी येईल त्याचं मशीन तेवढा वेळ बंद.

शेडमध्ये रिकामी खोली एकच होती, दुरुस्तीची. भाऊ गेल्यापासून मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. समोरच्या भिंतीवर त्यांची हत्यारं टांगलेली आहेत. प्रत्येक पान्यामागे त्याच मापाची पिवळी आकृती त्यांनी स्वतः रंगवली आहे, म्हणजे एखादा जागेवर नसला की दारातूनच कळावं. सुनील ती शिस्त अजून पाळतो. काम संपलं की हत्यारं पुसून जागेवर लावल्याशिवाय कुलूप घालत नाही. परवा त्या भिंतीसमोरच्या त्यांच्या स्टुलावर मी सगळ्यांत आधी बसले. दारात दहा-बारा जण उभे होते. सुनील म्हणाला, "मॅडम, हात ढिला सोडा. आम्ही काय पळून जात नाय."

डॉक्टरांनी दंडावर पट्टा आवळला, हवा सोडली, आकडा बघितला. माझ्या हातात कागद नव्हता, पेन नव्हता. मी भिंतीवरचे पाने मोजत बसले.

"पुन्हा एकदा बघू," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पट्टा परत आवळला.