एकेचाळीस घरांच्या तारखा

देवापुढे बसायची माझी वेळ आणि वन्संची घरी यायची वेळ एकच. गेली तेवीस वर्षं इकडे माझी जपमाळ चालू असते आणि तिकडे जिन्यावर त्यांची पावलं वाजतात. पावलांवरूनच दिवस कसा गेला ते कळतं. आज पावलं दोनदा थांबली. मधल्या वळणावर एकदा आणि दाराशी एकदा. मग बेल न वाजवता त्या दारातल्या स्टुलावर बसून राहिल्या. जप अर्धाच टाकून मी उठले. देव समजून घेतो, गुडघे घेत नाहीत.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, का केलं नाही हे कुणी विचारायचं नाही. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत संशोधनाचं ऑफिस आहे, तिथे त्या नोंदणीचं काम करतात. ऑफिसात त्यांना सगळे ‘खाडाखोडबाई’ म्हणतात, कारण त्यांच्या पर्समध्ये कायम एक जाड काळं पेन असतं. कागद आला की आधी नाव काळं, मग पत्ता काळा, मग पुढचं वाचायचं.

गेली तीन वर्षं अभ्यास चालला होता एका कडू मुळीच्या काढ्याचा. सांधे दुखायला लागले की माणसं डॉक्टरच्या गोळ्या घेतात आणि वर घरी हा काढाही उकळतात. डॉक्टरला मात्र सांगत नाहीत. ओरडा कोण खाणार? म्हणून मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की लोकांना घरी जाऊन विचारायचं, रक्त तपासायचं आणि मुळीने लिव्हरला काही होतं का ते बघायचं. घरोघरी जायचं काम वन्संकडे आलं. त्या प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणत, “तुमचं नाव कुठेही राहणार नाही, आणि परत कुणी तुमच्या दारात येणार नाही.” या वाक्यावर माणसं खरं बोलायची.

आणि ते वाक्य त्यांनी अगदी व्रतासारखं पाळलं. नाव आणि नंबराची चिठ्ठी त्या माणसाच्या घरातच वेगळी करायची आणि ऑफिसातल्या लोखंडी पेटीच्या फटीतून आत टाकायची. पेटीची किल्ली मोठ्या डॉक्टरांकडे. कागदावर नुसता नंबर. तो स्वच्छ वहीत उतरवून घेतला की मूळ कागद मशीनमध्ये घालून चिरून टाकायचा. तारखासुद्धा जशाच्या तशा ठेवायच्या नाहीत, कारण तारखेवरून माणूस ओळखता येतो. समजा कुणी पाच तारखेला काढा सुरू केला आणि वीस तारखेला रक्त दिलं. दोन्ही तारखा नऊ दिवस मागे सरकवायच्या. माणूस लपतो, पण मधले पंधरा दिवस पंधराच राहतात. कुणाच्या तारखा किती सरकवायच्या तो आकडा एका छोट्या वहीत, आणि ती वहीही पेटीतच.

घरातही त्यांचं तेच. एकदा सासूबाई म्हणाल्या, “अगं, आज कुठे गेली होतीस ते तरी सांग.”

“एका घरात.”

“कुणाच्या?”

“माणसांच्या.”

“बघ बाई सूनबाई,” सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ही मेल्यावर वरती देवालासुद्धा आपलं नाव सांगणार नाही. नंबर सांगेल.”

सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. त्याही तोच काढा रोज सकाळी घेतात. अभ्यासात त्या नाहीत, घरच्या माणसाला घेता येत नाही. पण काढा उकळताना त्या मुद्दाम भांडं वाजवतात. “तुझ्या डॉक्टरांना कडू लागतो म्हणून वाईट ठरवू नका म्हणावं.”

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. बुधवार होता. वन्सं आल्या, हातपाय धुतले आणि ताटावर बसून राहिल्या. भात गार झाला. मी म्हटलं, “वन्सं, बरं नाही का?”

“वहिनी, माझ्याकडून घाण झाली.”

मग हळूहळू सांगितलं. ऑफिसात एक आकडेवाले आहेत, सगळ्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून निकाल काढणारे. लेख शुक्रवारी छापायला पाठवायचा होता. निकाल निघाला होता की मुळीने लिव्हरला काही होत नाही. आकडेवाले चहा पिता पिता हसून म्हणाले, “खाडाखोडबाई, तुमची माणसं मोठी हुशार हो! बऱ्याच जणांचं लिव्हर काढा प्यायच्या आधीच बिघडलंय. भविष्य कळणारी लिव्हरं!”

सगळे हसले. वन्संही हसल्या. मग जागेवर जाऊन त्यांनी नंबर पाहिले. ते सगळे नंबर एकाच काळातले होते, गेल्या वर्षीच्या सहा आठवड्यांतले. तेव्हा मोठे डॉक्टर परगावी गेले होते आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली होती. नावं फटीतून आत टाकता येत होती, पण तारखांची वही बाहेर निघत नव्हती. आणि वन्संचा स्वतःचा नियम असा की कुणाचा कागद संध्याकाळनंतर टेबलावर राहू द्यायचा नाही. मग त्यांनी काय केलं? तारखा मनाने सरकवल्या. एकाच माणसाची काढ्याची तारीख वीस दिवस पुढे, रक्ताची आठ दिवस मागे. वाटलं, जितकं जास्त मिसळू तितकं जास्त झाकलं जाईल. आणि मूळ कागद चिरून टाकले. अशी एकेचाळीस माणसं.

“झाकायला गेले आणि खरंच झाकून टाकलं,” त्या म्हणाल्या. “मुळीने लिव्हर बिघडलं असेल तर आता ते दिसणारच नाही. लेख छापून आला की माणसं निर्धास्त उकळत बसतील.”

आतून सासूबाईंच्या भांड्याचा आवाज आला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मला वाटलं, मी काहीतरी करू शकते. मी रोज वही लिहिते, त्यात वन्संचंही असतंच. गेल्या वर्षीची वही काढली आणि त्या आठवड्यांची पानं उघडली. कुठल्या घरातल्या कुणी काढा कालपासूनच धरला, कुणाला मळमळ सुरू झाली, असं बरंच होतं. नावं नव्हती, पण खुणा होत्या. मी आनंदाने म्हटलं, “हे बघा, तारखा आहेत की! कुणाला काही सांगायलाच नको.”

वन्संनी पान वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. “हे मी बोलले?”

“दमून येता, बोलता. मी लिहिते.”

त्यांनी पर्समधून काळं पेन काढलं आणि माझ्या वहीतल्या सतरा ओळी एकेक करून काळ्या केल्या. मला राग आला, खोटं कशाला लिहू? माझी वही होती. काय लिहिलं होतं ते आता मी आठवायचंही नाही असं ठरवलंय. पेनाला टोपण लावून त्या म्हणाल्या, “चूक एक होती, दोन झाल्या. दोन्ही सांगते.”

“दोन महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची. सगळ्यांच्या तोंडी होईल.”

“होईल.”

“मग?”

“मग काय? आईचा काढा रोज उकळतोय.”

गुरुवारी सकाळी त्या नेहमीच्या वेळेला गेल्या. मी देवापुढे बसले खरी, पण त्या दिवशी काय मागायचं ते कळेना. लेख थांबावा म्हणून मागावं की वन्संचं नाव राहावं म्हणून? दोन्ही एकदम मिळणार नव्हतं. नुसते हात जोडून उठले.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बाई, तुम्ही दोन महिने गप्प राहिला असतात तर मलासुद्धा कळलं नसतं.”

“म्हणूनच आले, सर.”

लेख थांबला. डॉक्टरांनी इस्पितळाच्या समितीची परवानगी घेऊन पेटी उघडली. भाग घेतलेल्या सगळ्यांना पत्र गेलं, काढा घेत असाल तर एकदा रक्त तपासून घ्या. त्या एकेचाळीस घरांत आधी फोन करून विचारायचं आणि हो म्हणतील तिथेच जायचं असं ठरलं. दुसऱ्या कुणाला पाठवतो असं डॉक्टर म्हणाले होते. वन्सं म्हणाल्या, “शब्द मी दिला होता. मोडायला मीच जाते.”

त्या संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना एवढंच सांगितलं, “आई, उद्या माझ्याबरोबर रक्त तपासायला चल.”

सासूबाई एरवी दहा प्रश्न विचारतात. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. “तू काही सांगणार नाहीस ना?”

“नाही.”

“मग मी विचारत नाही.” त्या उठल्या, ओट्यावरचं भांडं उचललं आणि मोरीत रिकामं केलं. “कडूच होता मेला.” आठवडाभर मोरीला त्याचा वास येत होता. सासूबाईंचं रक्त ठीक निघालं. गुडघे दुखतात, त्याबद्दल दिवसभर बोलतात. बोलू देत.

त्यानंतर ऑफिस सुटलं की वन्सं रोज एक-दोन घरं करायच्या. सत्तावीस घरांनी या म्हटलं. दहा जणांनी नाही म्हटलं, एकाने फोनवर बरंच सुनावलंही. चार माणसं पत्त्यावर उरलीच नव्हती. कुणी काढा केव्हा सुरू केला हे कोण कशावरून सांगणार? एकीने नातीच्या परीक्षेवरून सांगितलं, हे वन्संसाठी फोन आला तेव्हा आकडेवाल्यांनी मला सांगितलं, वन्संनी नाही. वन्सं आता घरी त्या घरांबद्दल काहीच बोलत नाहीत. येतात, जेवतात, पाय चोळून घेतात. मीही विचारत नाही. वहीत आजकाल त्यांच्याबद्दल एवढंच असतं: आल्या, दमल्या.

सव्वीस घरांच्या तारखा जुळल्या तेव्हाच निकाल फिरला होता. लिव्हर बिघडलेली बरीच माणसं काढा सुरू केल्यावरच बिघडली होती. लेख पुन्हा लिहिणार आहेत, आणि त्यात चूक कशी झाली तेही लिहिणार आहेत. नाव नसेल, ‘नोंदणीत चूक झाली’ एवढंच असेल. पण ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. आकडेवाले आता थट्टा करत नाहीत. वन्सं म्हणतात, ते जास्त जड जातं.

आज शेवटचं घर होतं. स्टुलावर बसलेल्या वन्संना मी पाणी दिलं. आज त्या आपणहून बोलल्या. तेवढं लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “लिही. यात माझंच आहे, त्यांचं नाही.”

त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने फोनवर या म्हटलं होतं, तरी दार अर्धंच उघडलं. “बाई, तुम्ही तर म्हणाला होतात, परत कुणी येणार नाही.”

“हो.”

“मग?”

“चुकले. म्हणून आले.”

त्याने दार पूर्ण उघडलं. “बसा. जिना चढून आलात.” तारीख त्याला धड आठवली नाही. वन्संनी नंबरापुढे ‘आठवत नाही’ असं लिहिलं आणि उठल्या.

“अंदाजाने तरी लिहायची,” मी म्हटलं.

“नाही गं,” त्या चपला काढत म्हणाल्या. “मनाने तारखा घालायच्या सोडल्यात मी.”

मी आत जाऊन अर्धी राहिलेली माळ हातात घेतली. किती मणी झाले होते ते आठवेना. पहिल्यापासून सुरुवात केली.