खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

दसऱ्याच्या सकाळी मी तळेगावात गाडीला हार घालत होतो, तेवढ्यात संगीताचा फोन आला. "दादा, नंबरांची यादी उघडत नाहीये. नुसतं पांढरं पान येतंय. आणि आबा म्हणतायत, मीच मशीन घालवलं."

संगीता वडगाव मावळात एका शेतकरी गटाचं ऑफिस सांभाळते, तिथल्या कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे असतं. गटाकडे एक छोटा हार्वेस्टर आहे, म्हणजे भात कापणारं यंत्र. शेतकरी साठाच्या वर आणि यंत्र एकच. कुणाचं भात आधी कापायचं ते एक प्रोग्राम ठरवतो. लावणी कधी झाली, भात हळवं आहे की गरवं, म्हणजे लवकर येणारं की उशिरा, हे सगळं त्यात भरलेलं असतं. यादी प्रत्येकाला मोबाइलवर दिसते. हार्वेस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. पिकलेलं भात कुणासाठी थांबत नाही, दाणे झडायला लागतात.

या प्रोग्रामच्या आधी नंबर आबा स्वतःच ठरवायचे आणि वहीत लिहायचे. आबा गटाचे अध्यक्ष. माणूस सरळ, पण भिडस्त. जो सकाळी येऊन दारात बसेल, त्याला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. वरच्या वाड्यांवरच्या लोकांना मजुरी सोडून असं बसायला वेळ नसायचा आणि त्यांचं भात शेतातच झडायचं. संगीता स्वतः तिथलीच. दोन वर्षं भांडून तिनं ही यादी सुरू करून घेतली होती. यादी एकदा बंद पडली की आबांची वही पुन्हा बाहेर येणार, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

अर्ध्या तासात पोचलो. सर्व्हर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. टेबलाखाली ठेवलेला एक काळा डबा, त्याच्यावर गटाच्या वेबसाइट चालतात. त्या डब्याला झेंडूचा हार होता आणि पुढच्या बाजूला हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं. आदल्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. हार्वेस्टर, वजनकाटा, कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा झाली होती. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, म्हणून संगीतानं सर्व्हर रीतसर बंद केला होता. एरवी इन्व्हर्टर असल्यामुळे तो वर्ष-वर्ष बंद होत नाही.

"कुकू आत गेलंय," आबा म्हणाले. "मी आधीच म्हनलं व्हतं, इजेच्या वस्तूला कुकू लावू न्हाई."

पूजेचा नारळ मात्र आबांनीच फोडला होता, हे संगीतानं मला हळूच सांगितलं. टेबलावर वही होती. पहिल्या पानावर तीन नावं लिहूनही झाली होती. ती तिघंही सकाळी आबांच्या दारात येऊन बसलेली.

मी डबा उघडला, आबांच्या समाधानासाठी आतून रुमाल फिरवला. कुंकू आत गेलेलं नव्हतं. माझं पंधरा दिवसांपासून तिथं दुसरं काम चालू होतं: गटाचा तांदूळ विकायची नवी वेबसाइट. ती उघडून बघितली तर झकास चालली. म्हणजे डबा ठीक, वेबसर्व्हर, म्हणजे त्यातला पानं पाठवणारा प्रोग्राम, तोही ठीक, फक्त यादीच आजारी. मग मी तासभर नको तिथं शोधत बसलो. डेटाबेस बघितला, संगीतानं भरलेली माहिती तपासली, तिला दोनदा विचारलं, काल काही वेगळं दाबलं होतंस का? ती नाही म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

शेवटी एरर लॉग उघडला. चूक झाली की सर्व्हर त्यात नोंद करून ठेवतो. खरं तर तो सगळ्यात आधी बघायचा असतो. त्यात लिहिलं होतं की यादीचा प्रोग्राम एक जुनी आज्ञा देतोय आणि ती सर्व्हरला कळत नाहीये. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

हे दोन्ही प्रोग्राम पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेले आहेत. या भाषेच्या दर थोड्या वर्षांनी नव्या आवृत्त्या येतात आणि कधीकधी जुन्या आज्ञा काढून टाकतात. यादीचा प्रोग्राम सातव्या आवृत्तीसाठी लिहिलेला. तांदळाच्या वेबसाइटला आठवी हवी. आठ दिवसांपूर्वी मी आठवी आवृत्ती टाकली आणि वेबसर्व्हरला सांगून ठेवलं की यापुढे हीच वापर. पण असा बदल वेबसर्व्हर रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही. संगीता तेव्हा यादी भरत होती, म्हणून मी म्हटलं रीस्टार्ट नंतर करू. नवी वेबसाइट तेवढ्यापुरती वेगळी चालवून बघितली, खूश झालो, चहा प्यालो आणि विसरलो. वेबसर्व्हर बिचारा आठ दिवस जुन्याच आवृत्तीवर चालत राहिला. पूजेसाठी बंद होऊन परत चालू झाल्यावर त्यानं माझं ऐकलं.

खोलीत हे कळणारा मी एकटाच होतो. गप्प बसून दुरुस्त केलं असतं तर खापर कुंकवावर फुटलं असतं, म्हणजे संगीतावर. क्षणभर तो मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण त्या सकाळी मी पोचलो तेव्हा तिनं कामाचं बोलायच्या आधी मला आपट्याची पानं दिली होती. मला माझीच लाज वाटली.

"आबा, कुंकवाचा काही संबंध नाही. संगीताचाही नाही. चूक माझी आहे."

आबांनी चष्मा काढला. "म्हंजी पूजा नडली न्हाई?"

"उलट बरं झालं. ऐन कापणीत इन्व्हर्टर बंद पडला असता तर हेच झालं असतं, आणि यंत्र शेतात उभं राहिलं असतं."

पुढचं काम तासाभराचं. एकाच सर्व्हरवर दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालवता येतात. प्रत्येकीची वेगळी सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालू असणारा प्रोग्राम, असते. वेबसर्व्हरला सांगायचं, यादीची मागणी आली की सातवीकडे पाठव, तांदळाची आली की आठवीकडे. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सातवीला आता नवे सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, त्यामुळे यादीचा प्रोग्राम कधीतरी आठवीसाठी सुधारून घ्यावा लागेल, हेही आबांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "आधी भात काढू द्या."

दुपारी दोनच्या सुमारास दोन्ही पानं उघडली. झालं म्हणून मी बॅग भरायला घेतली, तर संगीता टेबलाखाली वाकली आणि म्हणाली, "थांबा दादा." तिनं सर्व्हर रीतसर बंद केला, दोन मिनिटं थांबली आणि परत चालू केला. मी बॅग परत खाली ठेवली. दोन्ही पानं आली.

यादीत पहिलं नाव वरच्या वाडीवरच्या एका मावशीचं होतं. त्या आबांच्या दारात कधीच आल्या नव्हत्या. आबांचा स्वतःचा नंबर एकोणिसावा. त्यांनी तो दोनदा वाचला, वहीतलं पहिलं पान फाडलं आणि म्हणाले, "बराबर हाय. माझं भात अजून हिरवंच हाय."

त्या गटाचं काम मी अजूनही करतो. "झालं" हा शब्द मात्र त्या ऑफिसात माझ्या तोंडून चालत नाही. संगीता आधी सर्व्हर बंद करते, चालू करते, पान उघडून बघते आणि मग मला चहा देते.