पोकळ नाकाची गोळी

मेटोड हलावातीला सगळे मेट म्हणत. मालगाड्यांचे डबे दुरुस्त करणाऱ्या आमच्या कारखान्यात तो लेथवर होता, मी वेल्डिंगला. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. माझे वाडवडील जर्मन, आणि आमच्याकडे जर्मनांना डच म्हणायची जुनी सवय, म्हणून तो मला डची म्हणायचा. त्याचे स्लोव्हाक. मी त्याला काहीच म्हणायचो नाही, कारण तो माझा लेथमास्तर नसला तरी त्याच्यासमोर ढिसाळ काम करायची माझी हिंमत नव्हती.

कारखाना गेला, मेटही गेला. पण ऑक्टोबर सरत आला, डोंगरावरचे ओक तांबूस झाले, की त्याच्या गॅरेजमधला वास आठवतो. तापलेलं शिसं, मेणाचा धूर, आणि घरातून येणारा लोण्यात परतलेल्या कोबीचा वास. कोबी परतायची ती लुडमिला. मेटची बायको.

आमच्याकडे तेव्हा हरणाची शिकार नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी सुरू व्हायची. त्या दिवशी कारखाना बंद, शाळा बंद. बाकीचे दुकानातून काडतुसांची पेटी आणायचे. मेट गोळी स्वतः ओतायचा, आणि तीही पोकळ नाकाची. गोळीच्या टोकाला खड्डा असतो. शिसं मऊ असलं तर हरणाला लागल्यावर ती फुलासारखी उमलते आणि हरण जागच्या जागी बसतं. शिसं कडक असलं तर ती उमलत नाही, सुईसारखी आरपार जाते. मग हरण मैलभर पळतं आणि कुठेतरी झुडपात तडफडत मरतं. सगळा फरक त्या खड्ड्याचा आणि शिशाचा.

त्याच्याकडे तीन साचे होते. एक चार गोळ्यांचा. त्यात खड्डा पाडणाऱ्या पिना एका दांडीवर बसवलेल्या, साचा उघडला की आपोआप सरकायच्या. तो त्याने स्वतः लेथवर बनवला होता. एकटा माणूस तासाला दोनशे गोळ्या काढू शकेल असा. दुसरा दोन गोळ्यांचा, रुंद आणि उथळ खड्ड्याचा. तो त्याला कधीच पटला नाही. तिसरा सगळ्यात जुना. एकच गोळी, आणि पिन सुटी. ती खालून घालायची, फिरवून बसवायची, शिसं ओतायचं, थांबायचं, पिन ओढून काढायची, वरचं जादा शिसं कापणारी पट्टी ठोकून सरकवायची, साचा उघडायचा, गोळी टॉवेलवर पाडायची. मग पिन लगेच परत आत, कारण ती गार झाली की पुढच्या गोळीचं नाक सुरकुतलेलं निघतं.

"हे दोघांचं काम आहे," लुडमिला म्हणायची. "लग्न केलं ते यासाठीच. पिनेला माणूस हवं होतं."

"तुझ्या बहिणीलाही विचारलं होतं," मेट म्हणायचा. "तिचे हात थरथरायचे."

तो ओतायचा, ती पिन सांभाळायची. तासाला चाळीस गोळ्या. त्यातल्या पंधरा तो परत भांड्यात टाकायचा. मला त्यातल्या बारांमध्ये दोष दिसायचा नाही. पण त्या साच्याच्या गोळ्या सगळ्यात सरळ जायच्या, आणि शिकारीला तो त्याच न्यायचा.

आमचा कॅम्प आठ जणांचा. डोंगरावर लाकडी खोली, मध्ये शेगडी. नेम चुकला तर शर्टाचा मागचा घोळ कापून भिंतीला ठोकायचे, वर नाव आणि साल. माझे चार तुकडे होते. मेटचा एकही नव्हता, एकतीस वर्षांत.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये लुडमिला गेली. त्या वर्षी मेटने गोळ्या एकट्याने ओतल्या, चार गोळ्यांच्या साच्यात, एका दुपारी. कपाटातल्या कुठल्याशा लगडी घेतल्या, त्या कडक होत्या. दरवर्षी तो ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात दहा गोळ्या झाडून, फोडून बघायचा. त्या वर्षी बघितलं नाही.

सोमवारी सकाळी त्याने एका नराला गोळी मारली. हरण हललंसुद्धा नाही, मग पळालं. आम्ही दीड दिवस माग काढला. दलदलीत माग संपला.

चुकलेल्या नेमावर कॅम्पमध्ये हसतात. जखमी करून गमावलेल्या हरणावर कुणी हसत नाही. रात्री कुणी कात्री काढली नाही. कॅम्पचा प्रमुख सिरिल बोडनार आमचा स्वयंपाकीही होता. त्याने मेटच्या ताटात न विचारता दोनदा वाढलं. मेटने ते खाल्लं नाही. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी येईन. पण पुन्हा एक जरी असं गेलं, तर रायफल इथे टांगून जाईन."

"अरे, होतं कधीकधी," सिरिल म्हणाला.

"तुझ्या हातून होतं. माझ्या नाही."

पुढच्या ऑक्टोबरात मी पिन धरायला गेलो. त्याने विचारलं नव्हतं. मी सातला दारात उभा राहिलो.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"मग परत पूस. पिनेला पाण्याचा थेंब लागला तर शिसं उडून डोळ्यात जाईल."

त्याने मोठ्या भांड्यात मऊ शिसं वितळायला लावलं. जुन्या टेलिफोनच्या तारांवरचं आवरण, लुडमिलाच्या भावाने कधीकाळी आणून दिलेलं. त्याच्याकडे होतं तेवढं सगळं. नुसतं मऊ शिसं साच्यात नीट भरत नाही, त्यात थोडं कडक मिसळायचं म्हणून मी टायरच्या रिंगला लावतात ती शिशाची वजनं बादलीभर आणली होती. त्यातली नवी वजनं कधीकधी जस्ताची असतात. एकेक पक्कडीत धरून चिमटा काढून बघायचं असतं. शिसं दबतं, जस्त दबत नाही. मी डोळ्यांनी बघून निवडली होती. बादलीभर वजनं चिमटायची म्हणजे दोन तासांचं काम.

मेट कॉफी आणायला आत गेला. मी वजनं टाकली. काही वितळली, काही वर तरंगत राहिली. वितळेनात म्हणून मी आच वाढवली.

तो आला तेव्हा भांड्यात दलियासारखं काहीतरी रटरटत होतं. त्याने पळी घातली. ती फिरेनाच.

"डची," तो म्हणाला, "तू चिमटून बघितलंस?"

मी बादलीकडे बघितलं.

"बघितलंस का?"

"डोळ्यांनी बघितलं."

त्याने शेगडी बंद केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला. "गेल्या वर्षी मी बघितलं नाही. या वर्षी तू," म्हणाला. "घरी जा."

जस्त एकदा शिशात विरलं की वेगळं होत नाही. त्या भांड्यातून पुन्हा चांगली गोळी निघणार नव्हती. शिकारीला पाच आठवडे होते, आणि त्याच्याकडे मऊ शिशाचा तुकडा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी फावडं, घमेलं आणि दोन चाळण्या घेऊन गेलो. त्याच्या घरामागे उतारावर मातीचा बांध होता. चाळीस वर्षं मेटने त्याच्यावरच नेम साधला होता, आणि त्या सगळ्या गोळ्या मातीत रुतून होत्या. मी खणायला लागलो.

तो बराच वेळ मागच्या पायरीवर उभा राहून बघत होता.

"तिथे दगड आहेत," शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

"पाठ धरेल."

"धरली आहे."

"मग फावडं तरी नीट धर. वेल्डर आहेस, कबर खणणारा नाहीस."

मी चार दिवस खणलं. माती चाळायची, धुवायची, तुकडे उन्हात वाळवायचे. मेट एकेक तुकडा हातात घेऊन कडक आणि मऊ अशा दोन ढिगांत टाकायचा. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "कसं कळतं?" तो म्हणाला, "नखाने," आणि अंगठा पुढे केला. नख झिजून अर्धं झालं होतं. चाळीस पौंड मऊ शिसं निघालं. त्याचंच शिसं, चाळीस वर्षांचं.

जुन्या साच्यात आम्ही तीन शनिवार ओतलं. पहिल्या शनिवारच्या सगळ्या गोळ्या त्याने परत भांड्यात टाकल्या. मी पिन उशिरा घालत होतो. "लुडमिला बोलत बोलत घालायची," तो म्हणाला. "तू गप्प बसतोस, म्हणून उशीर होतो." मग मी बोलायला लागलो. कारखान्यातल्या जुन्या गोष्टी, फोरमनच्या नकला. पिन वेळेवर जायला लागली. शेवटी वीस गोळ्या त्याच्या पसंतीला उतरल्या. दहा ओल्या कागदांत झाडल्या. दहाही उमलल्या. दहा उरल्या.

सोमवारी थंडी होती, पण बर्फ नव्हता. कोरड्या पानांवर माग काढणं अवघड. मी त्याच्या खाली दोनशे पावलांवर बसलो होतो. सव्वाआठला एकच आवाज आला. मी वर गेलो. मेट झाडाला टेकून उभा होता, चेहरा पांढरा.

"लागली?"

"लागली."

"पडलं?"

"पळालं. ओढ्याकडे."

त्याने घड्याळ काढलं. "अर्धा तास थांबायचं."

थांबलो. घाईने मागे गेलं तर जखमी हरण आणखी पळतं. तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. मेट हातमोजा काढायचा आणि घालायचा.

मग निघालो. हरण उभं होतं तिथून सतरा पावलं काहीच नाही. अठराव्या पावलावर ओकच्या पानावर थेंब. मेटने तिथे खूण म्हणून कागदाचा तुकडा ठेवला. पुढे दुसरा थेंब. मग पानं उधळलेली. मग मला लॉरेलच्या झुडपाखाली पांढरं पोट दिसलं. मी मागे थांबलो. त्याला स्वतः बघू दिलं.

तो गुडघ्यांवर बसला. हरणाच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच राहिला. मी मागे वळून पावलं मोजली. अठ्ठावन्न.

दुपारी कॅम्पबाहेर कातडं काढताना गोळी पलीकडच्या बाजूला कातड्याखाली सापडली. सगळे जमले. सिरिलने मेटच्या पाठीवर थाप मारली. मेटने गोळी थंडगार पाण्यात धुतली, उजेडात धरून फिरवली, बराच वेळ.

"काय झालं?" मी विचारलं.

"एक कड तुटली आहे. खड्डा जरा खोल झाला." त्याने गोळी खिशात टाकली. "पिन थोडी आखूड करतो. शनिवारी ये. सातला."

मी पावणेसातला गेलो.