हिरव्या फेट्यांचा शोध

लोकसाहित्याच्या अभ्यासकांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. चार विद्वान एकत्र बसले की ते आपोआप साचतात. पुसदच्या आमच्या अभ्यासमंडळात ॲनालॉग काळातला एक टीव्ही आहे. त्यावर जुन्या कॅसेटी पाहून आमचे अध्यक्ष सिद्धांत मांडतात. स्वतः गावात जात नाहीत. "फील्डवर दृष्टी गढूळ होते," असे त्यांचे मत!

*

एका कॅसेटीत रंग आकृतीपासून जरा उजवीकडे सरकलेला होता. बायकांचे कुंकू कपाळाऐवजी कानाजवळ! अध्यक्षांनी लेख लिहिला, 'कर्णकुंकू : एक लुप्त प्रथा'. मी त्या गावी जाऊन एका आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "माहं कपाळ जागेवरच हाय, बापू. तुमच्या साहेबाचं पाहून घ्या!"

*

मेकॅनिक रशीदभाईंनी अध्यक्षांना नम्रपणे समजावले, "सर, रंगाचा सिग्नल वायरीत बिघडला का रंग बदलते. हळद हिरवी दिसून राह्यली, यात हळदीचा कसूर नाही."

"तुमचा विषय कोणता?"

"टीव्ही, सर."

"मग टीव्हीपुरतेच बोला!"

*

त्याच हिरवटपणातून अध्यक्षांचा ग्रंथ निघाला : झरी जामणीकडच्या दंडार नाचातले मूळचे हिरवे फेटे. मी तिथला हळदीत रंगवलेला खरा फेटा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला. "उन्हाने विटलाय," म्हणाले.

*

यंदा जिल्हा महोत्सवात दंडारीच्या एकाच संघाला जागा होती आणि निवड अध्यक्षांकडे. झरी जामणीकडच्या आयतूबाबांचा संघ कित्येक वर्षे या मंचासाठी धडपडत होता. ते पिवळे फेटे बांधून आले. अध्यक्षांनी अट घातली, "हिरवे फेटे असतील, तरच मंच!"

"माह्या बापाचा फेटा मीच हळदीत बुडवत होतो, साहेब."

अध्यक्षांनी पुरावा म्हणून कॅसेट लावली. आयतूबाबा पडद्याजवळ गेले. बराच वेळ पाहत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "हा पुढं नाचते तो माहा बाप. फेटा हिरवा दिसते, खरं हाय. पण त्याचं तोंडबी हिरवंच दिसून राह्यलं. त्याचं काय करता?"



अध्यक्षांनी चष्मा पुसला, पुन्हा पडद्याकडे निरखून पाहिले आणि अटींच्या कागदावर 'हिरवे फेटे' या शब्दांपुढे लिहिले, 'व चेहरे'.